एक रुपयाचे पॅड आणि उसाच्या फडातले सहा महिने

सिंदफणा (धागाकर्ती) | २ डिसेंबर

सॅनिटरी पॅड महाग आहेत की स्वस्त, असे विचारले तर आपल्याकडे दोन्ही उत्तरे खरी ठरतात. जनऔषधी केंद्रांतले ‘सुविधा’ पॅड जून २०१८ मध्ये अडीच रुपयांना मिळू लागले आणि २७ ऑगस्ट २०१९ पासून त्याची किंमत एक रुपया झाली, म्हणजे चार पॅडचे पाकीट चार रुपयांना. महाराष्ट्र शासनाने ८ मार्च २०१८ रोजी अस्मिता योजना सुरू केली, तेव्हा जिल्हा परिषद शाळांतल्या ११ ते १९ वर्षांच्या मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांत द्यायचे आणि विक्री गावातल्या बचत गटाने करायची, असे ठरले होते. त्याहीआधी, २०११ पासून, केंद्राच्या आरोग्य खात्याची योजना आहे. तिच्यात आशाताईंनी किशोरवयीन मुलींना सहा पॅडचे ‘फ्रीडेज’ पाकीट सहा रुपयांना द्यायचे असते. या तिन्ही योजना कागदावर पाहिल्या तर एका बाईचा महिन्याचा खर्च बारा-पंधरा रुपयांच्या पुढे जाण्याचे कारण नाही. प्रत्यक्षात गावातल्या किराणा दुकानात जे पाकीट टांगलेले असते त्यातले एक पॅड सहा ते दहा रुपयांना पडते, आणि घरात आई, सून आणि वयात आलेली मुलगी अशा तिघी असतील तर महिन्याला अडीचशे-तीनशे रुपये लागतात. इतके पैसे या एका कारणासाठी बाजूला काढणारे घर माझ्या ओळखीत फारसे नाही.

मी बीड जिल्ह्यात शिक्षिका आहे आणि मला येथे मांडायचा आहे तो मुद्दा ऊसतोड कामगार बायकांचा आहे. दिवाळी झाली की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई या भागांतली गावे रिकामी होतात. टोळ्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांत आणि सीमेपलीकडे बेळगाव-बागलकोटकडे जातात, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, परतत नाहीत. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या मध्यस्थाकडून, उचल (आगाऊ रक्कम) आधीच घेतलेली असते, आणि कामावर एक दिवस गेले नाही तर खाडा म्हणून पाचशे रुपयांपर्यंत कापले जातात. मुक्काम पालाच्या खोपीत, पाणी टँकरचे किंवा शेजारच्या विहिरीचे, शौचाला उसाचा फड किंवा ओढ्याचा काठ.

या बाईकडे वर सांगितलेल्या तीन योजनांपैकी कोणती पोहोचते, ते पाहा. ती शाळेत नाही, म्हणून अस्मितेची पाच रुपयांची किंमत तिला लागू झालीच नाही. तिचे वय १९ च्या पुढे आहे, म्हणून आशाताईचे पाकीट तिच्यासाठी नाही. आणि तिची सोळा वर्षांची मुलगी टोळीबरोबर आली असेल तर त्या मुलीचे नाव गावाकडच्या आशाताईच्या वहीत आहे, फडाजवळच्या आशाताईच्या नाही. जनऔषधी केंद्रे देशभरात पंधरा हजारांहून अधिक झाली, ही चांगली गोष्ट आहे, परंतु ती बहुतेक तालुक्याच्या किंवा बाजाराच्या गावी आहेत, आणि चार रुपयांचे पाकीट आणायला जाणे म्हणजे पाचशे रुपयांचा खाडा आणि वर जाण्या-येण्याचे भाडे.

आकडेवारीतही ती सापडत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत पाळीच्या काळात स्वच्छ साधन वापरणाऱ्या तरुणींचे प्रमाण ५८ टक्क्यांच्या आसपास होते, ते पाचव्या फेरीत (२०१९–२१) ७७ टक्क्यांवर गेले; महाराष्ट्राचे प्रमाण त्याहूनही बरे आहे. मात्र हा प्रश्न केवळ १५ ते २४ वर्षांच्या स्त्रियांना विचारला जातो. तिशी-पस्तिशीतली, तीन बाळंतपणे झालेली आणि पंधराव्या हंगामाला निघालेली बाई काय वापरते, हे तिला या सर्वेक्षणात कोणी विचारलेलेच नाही.

सर्व योजना पत्त्यावर किंवा वयावर बांधलेल्या आहेत, आणि जी बाई वर्षातले सहा महिने पत्त्यावर नसते ती त्यांतून गळते, असे माझे म्हणणे आहे. किंमत आणखी उतरवून हा प्रश्न सुटणार नाही. काय केले असता सुटेल, याविषयी येथे लिहावे अशी विनंती आहे.

---

गणिती कारकून | २ डिसेंबर

धागा आवडला. किमतीबद्दल एक पुरवणी जोडतो, कारण ‘सरकारने कर काढला, तरी कंपन्यांनी भाव उतरवले नाहीत’ ही तक्रार येथे लवकरच येईल.

जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा पॅडवर १२ टक्के कर होता. त्याआधी निरनिराळे कर मिळून बोजा १३.६८ टक्के होता, असे अर्थ खात्याने तेव्हा जाहीर केले होते. म्हणजे ‘नव्याने कर लादला’ हे म्हणणे तितकेसे बरोबर नव्हते. जुलै २०१८ मध्ये पॅड करमुक्त झाले. येथे मेख अशी आहे की अंतिम वस्तू करमुक्त झाली की कारखानदाराला कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. पॅडमधले पाणी शोषणारे पॉलिमर, प्लॅस्टिकचा थर, डिंक आणि वेष्टन यांवर १८ टक्के, आणि लाकडाचा लगदा व न विणलेले कापड यांवर १२ टक्के, असे तेव्हाचे दर होते. हा कर वस्तूच्या किमतीत जाऊन बसतो, त्यामुळे छापील किंमत बारा टक्क्यांनी उतरणे शक्यच नव्हते. शिवाय परदेशातून तयार पॅड आणणाऱ्याला देशातला कच्च्या मालावरचा कर भरावा लागत नाही, म्हणजे तोटा झाला तो देशात पॅड बनवणाऱ्याचा आणि त्यातही लहान उत्पादकाचा. वस्तू करमुक्त ठेवूनही कच्च्या मालावरचा कर परत देण्याची तरतूद निर्यातीसाठी आहे. तशी ती येथे केली असती तर परिणाम दिसला असता.

आता एक रुपयाच्या पॅडविषयी. जनऔषधी केंद्र चालवणाऱ्याला विक्रीवर साधारण वीस टक्के सुटतात, म्हणजे चार रुपयांच्या पाकिटामागे ऐंशी पैसे. पॅडचे खोके हलके असले तरी जागा भरपूर अडवते. त्याच फळीवर मधुमेहाच्या गोळ्या ठेवल्या तर किती सुटतील, हा हिशोब दुकानदार करणारच. त्याला दोष द्यावा असे मला वाटत नाही. वस्तू अतिस्वस्त केली की ती विकण्यात कोणालाच रस उरत नाही, आणि मग वितरणाचा खर्च वेगळा द्यावा लागतो. तो कोणत्याही योजनेत नीट धरलेला दिसत नाही.

---

जुने लुगडे | ३ डिसेंबर

मी सत्तरीच्या घरात आहे. आमच्या पिढीने कापडाच्या घड्या वापरल्या, धुतल्या, वाळवल्या, आणि आम्हाला काही झाले नाही. बाजाराने बायकांना एका वस्तूची सवय लावली आणि आता ती वस्तू परवडत नाही म्हणून सरकारने द्यावी, असा हा प्रकार आहे. स्वच्छ सुती कापडाला आजही डॉक्टर नावे ठेवत नाहीत. ऊसतोडीच्या बायकांना कापड कसे वापरावे ते शिकवले तर पैशांचा प्रश्नच उरणार नाही.

---

सिंदफणा | ३ डिसेंबर

काकू, कापडाविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतही निम्म्या तरुणींनी कापड वापरत असल्याचे सांगितले आहे. पॅड वापरणाऱ्यांपैकी अनेकजणी जोडीने कापडही वापरतात. परंतु आपल्या काळात आणि आत्ताच्या काळात एक मोठा फरक पडला आहे. आपल्या घरात जुनी सुती लुगडी होती. आज आमच्याकडे रोजच्या वापराची साडी कृत्रिम धाग्याची असते, कारण ती स्वस्त पडते, लवकर वाळते आणि पाच वर्षे टिकते. ती फाडून घडी केली तर ओलावा धरत नाही आणि मांड्या सोलवटतात. सुती कापड आता विकत आणावे लागते, म्हणजे पूर्वी घरात फुकट असलेले साधनही बाजारातच गेले आहे. गूंज ही संस्था शहरांतून जुने सुती कपडे गोळा करून, धुऊन, त्यांच्या घड्या बांधून ‘माय पॅड’ या नावाने पाठवते, त्यामागचे कारण हेच आहे.

दुसरी अडचण पाण्याची. घडी धुण्यासाठी साबण आणि बादलीभर पाणी हवे, आणि ती वाळवण्यासाठी ऊन आणि आडोसा हवा. पहाटे चारला फडात जाणारी आणि रात्री गाडी भरून परतणारी बाई घडी वाळवणार कोठे? खोपीच्या आत, दोरीवर, दुसऱ्या कपड्याखाली. आणि अर्धवट ओली असतानाच ती पुन्हा वापरावी लागते.

---

पंचगंगा | ३ डिसेंबर

मी कोल्हापूर जिल्ह्यातला ऊस उत्पादक आहे, म्हणजे ज्यांच्या शेतात या टोळ्या येतात त्या बाजूचा. धागाकर्तींनी लिहिले आहे त्यात अतिशयोक्ती नाही, हे मी सांगू शकतो. आमच्याकडे टोळी उतरली की बायका माझ्या आईकडे जुने कपडे मागतात. आई देते, पण दोन टोळ्यांना पुरेल इतके जुने सुती कपडे कोणत्या घरात असतात?

वितरणाविषयी मात्र मला एक गोष्ट माहीत आहे. कोणती टोळी आज कारखान्याच्या कोणत्या गटात (विभागात), कोणाच्या फडात आहे, हे जर कोणाला अचूक ठाऊक असेल तर ते कारखान्याच्या शेतकी विभागाला. तोडणीचा क्रम त्यांच्याकडे नोंदलेला असतो, चिटबॉय (तोडणीच्या चिठ्ठ्या सांभाळणारा कारखान्याचा माणूस) रोज फडावर येतो, वजनाची पावती त्याच्यामार्फत फिरते. आरोग्य खात्याला टोळी शोधावी लागते. कारखान्याला ती शोधावी लागत नाही. ‘कामगार फिरते असल्यामुळे योजना पोहोचत नाही’ हे कारण मला म्हणूनच पटत नाही. उसाची मोळी ज्या फडातून उचलली जाते त्या फडापर्यंत पाकीट जाऊ शकते.

अर्थात गाडी सेंटरचे, म्हणजे बैलगाडीने ऊस वाहणारे, लोक कारखान्याजवळच्या तळावर हंगामभर राहतात, त्यांचे सोपे आहे. डोकी सेंटरच्या, म्हणजे डोक्यावरून मोळ्या वाहणाऱ्या, टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरबरोबर दर आठवड्या-दोन आठवड्यांनी हलतात, तेथे जास्त काम पडेल.

---

तिरकस | ३ डिसेंबर

प्रश्न विचारतो, राग मानू नये. उचल लाखाच्या घरात घेतली जाते, टोळीत प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो, त्यात महिन्याला दोनशे-अडीचशेचे रिचार्ज होते, आणि दारूवर किती जाते ते सांगायला नको. मग शंभर रुपयांचे पॅड परवडत नाही, हे कसे मानायचे? प्राधान्याचा प्रश्न आहे, ऐपतीचा नाही. आणि प्राधान्य सरकार कसे बदलणार?

---

पासबुक | ४ डिसेंबर

तिरकसराव, प्राधान्य कोणाचे, हे आधी विचारायला हवे. उचल मुकादम नवऱ्याच्या हातात देतो आणि अंगठा-सही त्याचीच असते. अर्धा कोयता बाईचा असला तरी त्या पैशातला एक रुपयाही तिच्या हातून खर्च होत नाही. आठवड्याच्या बाजाराला नवरा जातो, पिशवीत तेल-मीठ-पीठ येते. नवऱ्याला पॅडचे पाकीट आणायला सांगणारी बाई मी अजून पाहिलेली नाही. घरात पैसा असणे आणि बाईच्या मुठीत पैसा असणे यांत किती अंतर आहे, हे बचत गटाचे हिशोब लिहिणाऱ्या कोणालाही विचारा.

मी स्वतः गटाची सचिव आहे, म्हणून पुरवठ्याच्या बाजूनेही थोडे लिहिते. स्वस्त पॅड गटाने विकावे, या कल्पनेत गटाचे भांडवल अडकते. आधी माल खरेदी करायचा, तो पाच रुपयांना विकायचा, आणि फरकाची रक्कम नंतर खात्यावर येणार. ज्या गटाकडे पंचवीस-तीस हजार रुपये मोकळे आहेत त्याला हे झेपते. आमच्यासारख्या गटाला दूध, शेळ्या आणि कर्जाचे हप्ते सांभाळून असा माल साठवणे कठीण असते. गटाने स्वतःच पॅड बनवावे, अशी दुसरी कल्पना आहे. कोइमतूरच्या अरुणाचलम मुरुगनाथम यांनी स्वस्त यंत्र बनवले, त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि त्यानंतर अनेक ठिकाणी अशी यंत्रे आली. यंत्र बसवणे जमते. पुढे लगदा बाहेरून आणावा लागतो, वीज जाते, जाडी एकसारखी येत नाही, आणि गिऱ्हाईक एकदा डाग पडला की पुन्हा फिरकत नाही. मोठी कंपनी जाहिरातीवर जेवढे खर्च करते तेवढ्यात आमच्या तालुक्यातल्या सर्व गटांचे वर्ष निघेल. बायकांनी बनवले म्हणून बायका घेतील, हा समज चुकीचा आहे. आमच्या गटातल्या बायकासुद्धा चांगले असेल तरच घेतात, आणि तेच योग्य आहे.

---

रात्रपाळी | ४ डिसेंबर

मी ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोग विभागात काम करते. ऊसतोड आणि पाळी म्हटले की गर्भाशय काढण्याचा विषय येतो, तो अजून कोणी काढला नाही याचे आश्चर्य वाटते. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची माहिती घेतली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतल्या बहुतेक शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांत झालेल्या होत्या. त्यानंतर बीडमध्ये अशी शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम आला.

पॅड मिळाले असते तर हे टळले असते, असे मी म्हणणार नाही. कमी वयातली लग्ने आणि बाळंतपणे, जड ओझी, उपचारांऐवजी शस्त्रक्रियेचा सल्ला देणारे डॉक्टर, कर्करोगाची भीती, आणि खाडा, अशी कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. तरीही साखळीची सुरुवात अनेकदा साध्या गोष्टीने होते. ओली घडी दिवसभर अंगावर, लघवीला जावे लागू नये म्हणून पाणी कमी पिणे, मग जळजळ, अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे. हंगामात दवाखाना नाही, कारण दवाखाना म्हणजे खाडा. हंगाम संपल्यावर बाई येते तेव्हा आजार जुना झालेला असतो, आणि ‘पिशवी काढून टाका म्हणजे दर महिन्याची कटकट संपली’ हे ऐकायला तिचे मन आधीच तयार असते. पस्तिशीच्या आत गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली गेली तर हाडे ठिसूळ होणे आणि हृदयविकाराचा धोका हे पुढच्या तीस वर्षांचे दुखणे लागते. त्यातही शस्त्रक्रियेचा खर्च पुन्हा उचलीतूनच भागवला जातो. एका बाईने मला विचारले होते की पाळी नसेल तर मुकादम जास्त उचल देतो का. ती थट्टा करत नव्हती.

एक व्यवहाराची गोष्ट सर्वांनी लक्षात घ्यावी. टोळीतल्या अनेक प्रौढ बायका आतून चड्डी घालत नाहीत. घडी कमरेच्या नाड्याला बांधतात. चिकटपट्टीचे पॅड त्यांना दिले तर ते वापरता येत नाही आणि पाकीट पडून राहते. मग ‘दिले तरी वापरत नाहीत’ असा शेरा मारला जातो. पॅडबरोबर दोन-तीन सुती चड्ड्या दिल्याच पाहिजेत, हा खर्च हिशोबात धरा.

---

निळी बादली | ४ डिसेंबर

मासिक पाळीचा कप का नको? एकदा घेतला की अनेक वर्षे चालतो, कचरा नाही, दर महिन्याचा खर्च नाही. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या कुंबळंगी ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये घरोघरी कप वाटले. त्याआधी अलप्पुळा नगरपालिकेत ‘तिंकळ’ नावाने पाच हजार कप दिले गेले. फिरत्या कामगारांसाठी हेच साधन सर्वांत योग्य वाटते.

---

रात्रपाळी | ४ डिसेंबर

कप उत्तम आहे. मी स्वतः वापरते. पण केरळातल्या त्या घरांमध्ये न्हाणीघर आणि नळ होते, आणि वाटपाबरोबर महिनोन्‌महिने समजावून सांगणाऱ्या स्वयंसेविकाही होत्या. फडात हात धुवायला पाणी नसताना, उसाची धूळ आणि चिकटा बोटांवर असताना कप आत-बाहेर करायला सांगणे मला डॉक्टर म्हणून जमणार नाही. तीन बाळंतपणे झालेल्या आणि गर्भाशय खाली सरकलेल्या बाईला तो नीट बसेलच असेही नाही. गावी असताना, उन्हाळ्यात, ज्यांना हवा त्यांना शिकवून द्यावा. हंगामात नको.

---

ओला-सुका | ५ डिसेंबर

पुण्यात कचरा वेचकांच्या संघटनेबरोबर काम केले आहे, म्हणून एक शंका. लाखो पॅड फडात गेले तर वापरलेले पॅड जाणार कोठे? पुण्यासारख्या शहरात ‘स्वच्छ’ या संस्थेच्या कचरा वेचक बायकांना वापरलेले पॅड उघड्या हातांनी वेगळे करावे लागत. कागदात गुंडाळून लाल ठिपका काढा, एवढे नागरिकांना समजावण्यातच वर्षे गेली. पॅडबरोबर विल्हेवाटीसाठी वेष्टन देण्याची जबाबदारी २०१६ च्या घनकचरा नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे, ती किती पाळली जाते ते आपण दुकानात पाहतोच. शेतात पॅड टाकले की ते नांगराला लागेपर्यंत तसेच राहणार, आणि मग शेतकरीच टोळीला उतरू देणार नाही.

---

पंचगंगा | ५ डिसेंबर

शंका रास्त आहे, आमच्या भागात यावरून वाद झालेले आहेत. तळ एका जागी असेल तर खोल खड्डा आणि त्यावर झाकण, हे कारखाना करू शकतो. हलत्या टोळ्यांसाठी मला सुती, जाड, नाड्याने बांधता येणारी आणि धुऊन पुन्हा वापरता येणारी पॅड जास्त सोयीची वाटतात. मात्र मग रोजचे पाणी द्यावे लागेल. फडाशेजारी शेतकऱ्याची मोटर असतेच. ज्या शेतकऱ्याचा ऊस तोडला जातो त्याने बादलीभर पाणी आणि एक आडोसा द्यावा, यात जगावेगळे काही नाही. पोताड्याचा आडोसा उभारायला अर्धा तास पुरतो.

---

ग्लासगोकर | ५ डिसेंबर

येथे स्कॉटलंडमध्ये राहून हा धागा वाचताना एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटले. स्कॉटलंडच्या संसदेने २४ नोव्हेंबर २०२० रोजी पाळीची साधने मोफत देण्याचा कायदा १२१ विरुद्ध शून्य मतांनी संमत केला आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून ती जबाबदारी स्थानिक परिषदांवर आली. वाचनालये, सामाजिक केंद्रे, महाविद्यालये येथे साधने ठेवलेली असतात. कोणी नाव विचारत नाही, उत्पन्नाचा दाखला मागत नाही.

श्रीमंत देशाचे उदाहरण देऊन उपयोग काय, असे कोणी म्हणेल. मला त्यातली पैशांची बाजू सांगायची नाही. त्या कायद्यात हक्क ‘स्कॉटलंडमध्ये असताना ज्या व्यक्तीला गरज आहे’ तिला दिला आहे. ती येथली रहिवासी आहे का, शाळेत जाते का, तिचे वय काय, हे प्रश्नच येत नाहीत. मी दुसऱ्या गावी गेले तर तेथे मला मिळते. आपल्याकडे एक देश एक शिधापत्रिका ही सोय झाली, म्हणजे धान्य जेथे माणूस असेल तेथे मिळावे हे तत्त्व आपणही मान्य केलेले आहे. पाळीच्या साधनांना तेच तत्त्व का लावू नये?

---

तिरकस | ६ डिसेंबर

तत्त्व मान्य. पासबुक यांनी लिहिलेले हातातल्या पैशांचे म्हणणेही पटले. आता खर्च कोण करणार, ते आकड्यांत सांगा. ‘शासनाने द्यावे’ हे उत्तर धरणार नाही.

---

सिंदफणा | ६ डिसेंबर

आकड्यांतच सांगते. राज्यातल्या ऊसतोड कामगारांची संख्या सहसा आठ ते दहा लाख सांगितली जाते. कोयता जोडीचा असल्याने निम्म्या बायका. त्यांतल्या पाळी येणाऱ्या चार लाख धरू. महिन्याला बारा पॅड, हंगामाचे सहा महिने, म्हणजे एका बाईला ७२ पॅड. एक रुपया ही अनुदानित किंमत आहे, म्हणून ती न धरता आधीचे अडीच रुपये धरले तर एका बाईचा हंगामाचा खर्च १८० रुपये, आणि चार लाख बायकांचा ७ कोटी २० लाख रुपये.

आता दुसरी बाजू. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या दर टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढीच भर शासनाने घालायची, असे ठरलेले आहे. बऱ्या हंगामात राज्यात एक हजार लाख टनांच्या वर गाळप होते. म्हणजे केवळ कारखान्यांचा वाटा शंभर कोटी रुपये. ७ कोटी २० लाख म्हणजे टनामागे ७२ पैसे. डॉक्टरताईंनी सांगितलेल्या सुती चड्ड्या, वाहतूक, चिटबॉयचा भत्ता आणि वाढलेले भाव असे सर्व धरून ही रक्कम तिप्पट केली तरी टनामागे सव्वादोन रुपयांच्या आत बसते. हा निधी कामगारांच्या नावाने गोळा करायचा आहे. त्यातला एवढा भाग कामगार बायकांना मिळावा, ही मागणी मोठी नाही.

ओला-सुका यांच्या शंकेसाठी आणि पंचगंगांच्या सूचनेसाठी निम्म्या बायकांना, त्यांच्या पसंतीने, धुण्याजोगी पॅड देता येतील. ती किमतीला जास्त असली तरी दोन हंगाम चालतात. निवड मात्र बाईची असावी; आपण येथे बसून ठरवू नये.

---

पासबुक | ६ डिसेंबर

कर्नाटकात जाणाऱ्या टोळ्यांचे काय? तेथल्या कारखान्यांना आपले महामंडळ लागू नाही, आणि तेथला शेतकी विभाग आपले ऐकणार नाही.

---

सिंदफणा | ६ डिसेंबर

त्यांना निघण्यापूर्वी गावातच सहा महिन्यांचा साठा द्यावा लागेल. ट्रॅक्टरमध्ये पीठ, भांडी, शेळी आणि सरपण चढते, तेथे एक पिशवी सहज जाईल. ऊसतोड कामगारांची नोंद ग्रामसेवकाकडे करून ओळखपत्र देण्याचे काम काही गावांत झालेले आहे. त्याच यादीवर वाटप होऊ शकते. अडचण अशी की त्या यादीत बहुतेक ठिकाणी नवऱ्याचे नाव आहे. आमच्या गावापुरती बायकांची वेगळी यादी मी आणि आशाताईंनी सुरू केली आहे.

---

पंचगंगा | ७ डिसेंबर

आमच्या कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरमध्ये असते आणि सभासद म्हणून मला लेखी ठराव मांडता येतो. तोवर थांबण्यात हा हंगाम जाईल, म्हणून या आठवड्यात शेतकी अधिकाऱ्यांना भेटून एका गट कार्यालयापुरते तरी करता येते का, ते विचारतो. ठरावाचा मसुदा येथे टाकतो, सुधारणा सुचवाव्यात:

‘कारखान्याच्या कार्यक्षेत्रात तोडणीस आलेल्या प्रत्येक टोळीतील स्त्रियांना, वयाची व मूळ गावाची अट न लावता, हंगामाच्या दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गट कार्यालयामार्फत फडावर मासिक पाळीची साधने व हंगामाच्या प्रारंभी सुती अंतर्वस्त्रे देण्यात यावीत, वाटप स्त्री कर्मचाऱ्याच्या हस्ते, थेट स्त्रीच्या हाती व्हावे, मुकादमामार्फत होऊ नये, आणि पाळीच्या कारणाने घेतलेल्या सुट्टीचा खाडा कापू नये.’

शेवटच्या कलमाला सभेत विरोध होईल, कारण खाडा मुकादम कापतो आणि कारखाना ‘आमचा करार मुकादमाशी आहे, कामगाराशी नाही’ असे म्हणतो. त्यावर कोणते उत्तर द्यावे, हे कामगार कायदा जाणणाऱ्या कोणी येथे लिहिले तर मदत होईल.